रिकामी भिंत कोणाची?

जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या गेमेल्डेगालेरी या संग्रहालयात सतराव्या शतकातला डच चित्रकार योहानेस व्हर्मीर याचं एक चित्र आहे. उघड्या खिडकीशी उभी राहून एक मुलगी पत्र वाचते आहे. खिडकीच्या काचेत तिचा चेहरा पुसट उमटलाय. पुढे मेजावर गालिचा आणि त्यावर कलंडलेलं फळांचं तबक. उंची ८३ सेंटिमीटर, रुंदी ६४.५, काळ साधारण १६५७ ते १६५९. हे चित्र ज्यांनी जुन्या पुस्तकात किंवा पोस्टकार्डावर पाहिलं असेल, त्यांना मुलीइतकीच तिच्या मागची भिंतही आठवत असेल. मोठी, मोकळी, उजेडात न्हालेली. ती भिंत आता नाही. तिच्या जागी काळ्या चौकटीतला भलामोठा क्यूपिड, म्हणजे रोमन कामदेव, उभा आहे. उघडावाघडा, गुबगुबीत, हातात धनुष्य, पायाखाली मुखवटा.

२०१७ ते २०२१ अशी चार वर्षं जतनतज्ज्ञ क्रिस्टोफ श्योल्त्सेल यांनी भिंतीवरचा रंग खरवडला आणि खालचा क्यूपिड उघडा केला. सप्टेंबर २०२१ मध्ये चित्र पुन्हा लोकांपुढे आलं तेव्हा पुष्कळांना हळहळ वाटली. चित्राची शांतताच गेली, गर्दी झाली, खोली लहान वाटायला लागली, अशी तक्रार अजूनही ऐकू येते. तक्रार खोटी नाही. खोली खरंच लहान वाटते. पण जी शांतता गेली ती व्हर्मीरची नव्हतीच. ती दुसऱ्या कोणीतरी, व्हर्मीर मरून बरीच वर्षं झाल्यावर, ब्रशाने फासलेली होती. सार्वजनिक संग्रहालयाने ती काढली हे योग्यच झालं. मात्र ज्या कारणाने ते योग्य ठरतं, त्याच कारणाने इतर अनेक चित्रांना हात लावायचा नाही हेही ठरतं. त्यामुळे हे कारण नीट समजून घ्यायला हवं. ‘मूळ रूप परत आणलं’ एवढ्या एका वाक्यावर संग्रहालयं सुटतात आणि आपणही त्यांना सोडतो.

क्यूपिड आत आहे हे १९७९ पासून ठाऊक होतं. त्या वर्षी घेतलेल्या क्ष-किरण चित्रात तो स्पष्ट दिसला. तरी पुढची ३८ वर्षं त्याला कोणी हात लावला नाही, कारण सगळ्यांनी धरून चालवलं होतं की तो व्हर्मीरनेच झाकला. हे धरून चालणं अगदी वेडेपणाचं नव्हतं. क्ष-किरण अडवतो तो शिसे किंवा पारा असलेला जड रंग. खाली काय आहे ते तो दाखवतो, वरचा थर कधी चढला ते सांगत नाही. चित्रकाराने दुसऱ्या दिवशी मत बदललं असो की शंभर वर्षांनी कोणी परक्याने रंग फासला असो, क्ष-किरणात दोन्ही सारखंच दिसतं.

काळ सांगतो तो रंगाचा कण. चित्राच्या आधीच फुटलेल्या कडेवरून किंवा भेगेच्या तोंडाशी एक मिलिमीटरपेक्षाही लहान कण उचलायचा, तो राळेच्या ठोकळ्यात उभा बसवायचा आणि ठोकळा घासून गुळगुळीत करायचा. मग सूक्ष्मदर्शकाखाली सगळे थर ओळीने दिसतात: तळाचं अस्तर, त्यावर भिंतीचा शिसेपांढरा, त्यावर पुढचे रंग. हाच कण अतिनील प्रकाशात धरला की नैसर्गिक राळेचं वॉर्निश हिरवट-पांढरं चमकतं आणि रंगाच्या थरांतून वेगळं उठून दिसतं. ड्रेस्डेनच्या कणांत क्यूपिड आणि वरची भिंत यांच्यामध्ये वॉर्निशचा थर होता आणि त्या वॉर्निशवर मळ साचलेला होता. चित्र पुरतं वाळलं, त्यावर वॉर्निश बसलं, ते वॉर्निश टांगल्या टांगल्या मळलं आणि त्यानंतर कोणीतरी भिंत रंगवली, असा हा क्रम. तेलरंग वाळून वॉर्निश घेण्याजोगा व्हायलाच काही महिने लागतात. मळ चढायला त्याहून कितीतरी जास्त. तज्ज्ञांचा हिशोब काही दशकांचा निघाला, आणि व्हर्मीर तर १६७५ मध्येच गेला होता.

पहिली शंका आली ती मात्र प्रयोगशाळेत नव्हे, कापसाच्या बोळ्यावर. एकोणिसाव्या शतकातलं पिवळं पडलेलं वॉर्निश काढताना भिंतीच्या मधल्या भागाचा रंग द्रावकाला बाकीच्या चित्रापेक्षा वेगळा प्रतिसाद देतोय हे लक्षात आलं. जतनाच्या कामात अशी गोष्ट हातालाच आधी कळते.

मग हा वरचा रंग काढायचा कसा? द्रावकाने पुसून टाकणं सोपं वाटतं, पण इथे ते जमलं नसतं. वरचा थरही तेलाचाच होता आणि दोन-अडीचशे वर्षांत कडक झालेला. त्याला मऊ करील इतकं तिखट द्रावक खालच्या मूळ रंगालाही फुगवतं, त्यातले तेलाचे घटक ओढून घेतं, आणि रंगाची पातळ, पारदर्शक झिलई असेल तर ती बोळ्याबरोबर निघून जाते. गेल्या दोन शतकांत डच चित्रांची जी चामडी सोलली गेली ती बहुतेक अशीच. त्यामुळे इथे सूक्ष्मदर्शकाखाली स्काल्पेलने, म्हणजे शस्त्रक्रियेच्या सुरीने, कणाकणाने रंग उचलावा लागला. पातं कापडाच्या विणीच्या उंचवट्यावर जरा जास्त टेकलं तर त्या धाग्यावरचा मूळ रंग गेलाच म्हणून समजा. इथे एक गोष्ट पथ्यावर पडली. मधलं जुनं वॉर्निश गादीसारखं होतं, पातं त्याच्यापर्यंत न्यायचं आणि तिथेच थांबवायचं. मे २०१९ मध्ये काम अर्धवट असताना संग्रहालयाने चित्र लोकांना दाखवलं: भिंतीच्या वरच्या भागात क्यूपिडचं डोकं आणि हात उघडे, खाली अजून जुनी भिंत. माझ्या मते चार वर्षांतला हा सगळ्यात प्रामाणिक क्षण. काय मिळतंय आणि काय जातंय, दोन्ही एकाच चौकटीत डोळ्यांसमोर होतं.

आता व्हर्मीरने स्वतः काय काय पुसलं ते पाहू, कारण या वादाचा कणा तिथे आहे. याच चित्रात उजवीकडे खाली त्याने आधी एक मोठा काचेचा पेला काढला होता. तो झाकून तिथे हिरवा पडदा आणला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात त्याची पेंगुळलेली तरुणी आहे, मेजाशी हाताला गाल टेकून बसलेली. तिच्या मागच्या उघड्या दारात आधी एक कुत्रा होता आणि पलीकडच्या खोलीत एक पुरुष. दोघेही त्याने घालवले. बर्लिनच्या मोत्यांच्या माळेच्या चित्रात भिंतीवर आधी नकाशा होता आणि खुर्चीवर वाद्य. भिंत त्याने स्वतः मोकळी केली. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममधल्या दूध ओतणाऱ्या बाईमागे भांडी टांगायची फळी आणि खाली निखाऱ्याची टोपली होती हे २०२२ च्या तपासणीत स्पष्ट झालं. तीही त्याने झाकली. मागे उरला खिळा, खिळ्याची सावली, भिंतीतली भोकं.

म्हणजे भिंत रिकामी करणं ही व्हर्मीरची सवयच होती. आणि म्हणूनच ड्रेस्डेनची रिकामी भिंत इतकी वर्षं कोणाला खटकली नाही, ती त्याच्या हातची वाटत राहिली. पण बर्लिनचा नकाशा उद्या कोणी स्काल्पेल घेऊन शोधायला निघालं तर तो गुन्हा होईल. तिथे रिकामी भिंत हा चित्रकाराचा निकाल आहे, ड्रेस्डेनमध्ये ती निकालात केलेली ढवळाढवळ होती. दोन्ही भिंती शेजारी टांगल्या असत्या तर आपल्या डोळ्यांना फरक कळला नसता. तो वॉर्निशच्या एका थरानेच कळला.

कोणी म्हणेल, फरक डोळ्यांना कळतच नसेल तर काय बिघडलं? चित्र तर सुंदर दिसत होतं. इथे या सगळ्या डच घरगुती चित्रांच्या ‘शांतते’बद्दल आपण काय समजून बसलोय ते तपासावं लागतं, आणि त्यासाठी व्हर्मीरपेक्षा पीटर दे होख जास्त उपयोगी.

दे होखचा बाप्तिस्मा १६२९ मध्ये रॉटरडॅमला झाला. बाप गवंडी, आई सुईण. १६५० च्या दशकात तो व्हर्मीरच्या गावी, डेल्फ्टला, एका कापडव्यापाऱ्याकडे चित्रकार आणि नोकर अशा दोन्ही नात्यांनी होता. १६५५ ला तिथल्या चित्रकारांच्या संघात दाखल झाला आणि १६६० च्या आसपास ॲमस्टरडॅमला निघून गेला. डेल्फ्टमधल्या त्या मोजक्या वर्षांत त्याने परसदारं, सोपे, माजघरं आणि एका दारातून दुसऱ्या दारापलीकडचा उजेड अशी चित्रं काढली. या दारातून दारापलीकडे दिसणाऱ्या दृश्याला डच भाषेत ‘दोरकाइक्ये’ म्हणतात. तो वेड्यांच्या इस्पितळात मेला ही गोष्ट पुस्तकांतून फार वर्षं चालली. १६८४ ची ती नोंद त्याच्याच नावाच्या मुलाची होती, हे आता सिद्ध झालं आहे.

लंडनच्या नॅशनल गॅलरीत त्याचं १६५८ चं डेल्फ्टमधलं परसदार आहे. डावीकडे विटांची कमान आणि तिच्यातून जाणारा बोळ. बोळाच्या टोकाशी पाठमोरी बाई रस्त्याकडे पाहत उभी. उजवीकडे मोलकरीण छोट्या मुलीचा हात धरून पायरी उतरते आहे. पुढे फरशीवर खराटा आणि बादली. पहिल्या नजरेला काहीच घडत नाही असं वाटतं. पण कमानीवर एक दगडी पाटी आहे आणि तिच्यावर अक्षरं. ही पाटी खरी होती. १६१४ ची, संत जेरोमच्या नावाच्या जुन्या मठाच्या जागेवरची, आणि मूळ दगड आजही डेल्फ्टमध्ये आहे. तिचा आशय असा: ही संत जेरोमची दरी, धीर आणि सोशिकपणा हवा असेल तर इथे या, कारण वर चढायचं तर आधी खाली उतरावं लागतं. डच भाषेत दरी आणि उतरणं या शब्दांची त्यात कोटी आहे. ती वाचल्यावर पायरी उतरणारी मुलगी नुसती पायरी उतरत नाही.

म्हणजे परसदारात चक्क उपदेशाची पाटी आहे. तिने चित्राची शांतता कुठे मोडली? व्हर्मीरचा क्यूपिड ही तशीच पाटी. मुखवटा म्हणजे सोंग, ते पायाखाली तुडवणारा क्यूपिड म्हणजे खरं प्रेम. हाच क्यूपिड लंडनच्या चित्रात व्हर्जिनल या पियानोसारख्या वाद्यापाशी उभ्या स्त्रीच्या मागे आहे, न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहातल्या एका चित्रात मागच्या भिंतीवर पुसट आहे, आणि त्या पेंगुळलेल्या तरुणीच्या डोक्यावर त्याचा नुसता पाय आणि मुखवटा दिसतो. १६७६ मध्ये व्हर्मीरच्या घरातल्या सामानाची यादी झाली तिच्यातही एका क्यूपिडची नोंद आहे. या घरांतल्या भिंती बोलक्या होत्या. तिथे नकाशे, धार्मिक चित्रं, आरसे असत, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते वाचता येत. कोऱ्या भिंतीला शांतता म्हणणारी नजर विसाव्या शतकातली, आपली.

तर मग त्यांची शांतता कशातून आली? मुख्यतः मोजमापातून. दे होखच्या आणि व्हर्मीरच्याही चित्रांत लोपबिंदूच्या, म्हणजे आत जाणाऱ्या सगळ्या रेघा जिथे मिळतात त्या बिंदूच्या, जागी टाचणीचं भोक सापडतं. दे होखची भोकं २०१९ च्या डेल्फ्टच्या प्रदर्शनासाठी झालेल्या अभ्यासात नोंदली गेली. अस्तर केलेल्या कापडावर क्षितिजरेषा ठरवायची, तिच्यावर लोपबिंदूपाशी टाचणी टोचायची, टाचणीला खडू चोळलेला दोरा बांधायचा आणि दोरा ताणून बोटाने फटकारायचा. कापडावर पांढरी रेघ उमटते. आपल्याकडे गवंडी सूत मारतो ते हेच, आणि दे होखच्या घरात ते रोजचं असणार. चित्राच्या खालच्या कडेवर फरशीच्या रुंदीच्या खुणा करायच्या आणि प्रत्येक खुणेतून लोपबिंदूकडे सूत मारायचं, म्हणजे आत जाणाऱ्या रेघा मिळाल्या. आडव्या रेघांसाठी क्षितिजरेषेवरच बाजूला अंतरबिंदू, म्हणजे पाहणारा चित्रापासून किती लांब आहे ते ठरवणारा बिंदू, घ्यायचा आणि कोपऱ्यातून तिकडे तिरकं सूत मारायचं. हे तिरकं सूत आत जाणाऱ्या रेघांना जिथे जिथे छेदतं, तिथून आडवी रेघ काढायची. फरशा कर्णरेषेत बसवायच्या असतील तर दोन्ही बाजूंचे अंतरबिंदू लागतात.

यात एक चूक हमखास होते. अंतरबिंदू कापडाच्या आत किंवा अगदी कडेला घेणं सोयीचं पडतं, कारण दोरा आखूड पुरतो. पण मग पुढच्या फरशा ताणल्यासारख्या लांबट होतात आणि जमीन पुढे ओतल्यासारखी वाटते. बिंदू लांब, कापडाच्या बाहेर भिंतीवर नेला की फरशा निवांत पडतात. व्हर्मीरने पुढे पुढे तो बाहेर नेला हे जतनतज्ज्ञ योर्गेन वाडुम यांनी मोजून दाखवलं आहे. पाहणारा खोलीत शिरला आहे की उंबऱ्यावरून बघतोय हे त्या एका बिंदूच्या अंतरावर ठरतं. लोक ज्याला ‘निवांतपणा’ म्हणतात त्यातला बराचसा तिथला.

आणि ती काळीपांढरी संगमरवरी फरशी? लायडनच्या कला-इतिहासकार विल्लेमाइन फॉक यांनी त्या काळच्या घरांच्या सामानयाद्या आणि बांधकामाची कागदपत्रं चाळून दाखवलं की अशी फरशी खाजगी घरांत फार क्वचित असे. राहत्या खोल्यांत बहुधा लाकडी फळ्या. चित्रकारांना फरशी हवी होती ती सूत मारायला. म्हणून ‘सतराव्या शतकातलं डच घर जसंच्या तसं’ हे या चित्रांचं वर्णन तितकंसं खरं नाही. इथे प्रत्येक वस्तू कोणीतरी ठेवली म्हणून आहे आणि प्रत्येक मोकळी जागा कोणीतरी मोकळी केली म्हणून मोकळी आहे. ठेवणं आणि उचलणं हेच या चित्रकारांचं काम. ते काम दुसऱ्याने त्यांच्या नावावर केलं तर ‘पण छान दिसतंय’ हे उत्तर पुरत नाही.

ड्रेस्डेनची भिंत का रंगवली गेली याची कारणं काहीही असोत, ती रंगवल्यावर चित्राचं नशीब कसं फिरलं ते मात्र पाहण्यासारखं आहे. १७४२ मध्ये पॅरिसहून ते सॅक्सनीच्या, म्हणजे ड्रेस्डेनच्याच, दरबारासाठी आलं ते रेम्ब्रांट म्हणून. पुढे दे होखच्या नावावर गेलं. व्हर्मीरच्या नावावर आलं ते १८६० च्या आसपास, थेओफिल तोरे या फ्रेंच समीक्षकामुळे. दे होखचं नाव तेव्हा व्हर्मीरपेक्षा मोठं होतं, इतकं की आज व्हिएन्नाची शान असलेल्या व्हर्मीरच्या ‘चित्रकला’ या चित्रावर कोणीतरी दे होखची खोटी सही घातली होती आणि १८१३ मध्ये ते दे होख म्हणूनच विकलं गेलं. तोरेने १८६६ च्या लेखांत व्हर्मीरच्या नावावर सत्तरच्या वर चित्रं घातली. त्यांतली निम्म्याहून जास्त पुढे गळाली, कित्येक दे होख, याकोबुस फ्रेल वगैरेंची निघाली. म्हणजे ‘डेल्फ्टचा मूक कवी’ ही प्रतिमा घडत होती तेव्हा तिच्या पायात काही दगड दुसऱ्यांचे होते, आणि ड्रेस्डेनच्या भिंतीचा दगड तर अनामिक रंगाऱ्याचा. क्यूपिड गेला म्हणून व्हर्मीर जास्त ‘व्हर्मीर’ वाटायला लागला, ही गंमत सोसायला थोडी जड आहे.

विरुद्ध बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा सौंदर्याचा नाही, इतिहासाचा आहे. रिकामी भिंत दोन-अडीचशे वर्षं होती. जर्मन कवी गोएटेच्या काळातल्या ड्रेस्डेनने तीच पाहिली. चित्र १९४५ मध्ये सोव्हिएत सैन्याबरोबर गेलं आणि १९५५ मध्ये परत आलं तेही त्याच भिंतीसह. मग ती भिंतही इतिहासच नाही का? वास्तूंच्या बाबतीत १९६४ च्या व्हेनिस सनदेने, म्हणजे जतनाच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीने, याला उत्तर दिलंय. तिच्या अकराव्या कलमाचा सारांश असा की प्रत्येक काळाने घातलेल्या भरीचा मान ठेवावा, एकाच शैलीत सगळं आणायचा हट्ट नको. वरचा थर काढून खालचा दाखवायचा तो अपवाद म्हणूनच, आणि तोही जे जाणार त्याचं मोल थोडं, जे मिळणार त्याचं मोठं आणि त्याची अवस्था चांगली असेल तर. शिवाय हा निर्णय काम करणाऱ्या एकट्यावर सोडायचा नाही.

या कसोट्या चित्राला लावून पाहाव्यात. ड्रेस्डेनने काम थांबवून बाहेरच्या तज्ज्ञांची समिती बसवली आणि २०१८ च्या सुरुवातीला तिच्या संमतीनेच पुढे गेलं. क्यूपिड वॉर्निशखाली जवळजवळ शाबूत होता. आणि वरची भिंत? तो सपाट रंग होता, त्यात कोणाची कारागिरी नव्हती. कसोटीला सगळं उतरतं.

हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयातली गोष्ट उलट झाली. व्हर्मीरच्या सुरुवातीच्या, रोमन देवी डायनाच्या चित्रात उजवीकडे वर निळं आकाश होतं. १९९९ च्या कामात ते एकोणिसाव्या शतकातलं निघालं. तिथे तज्ज्ञांनी ते खरवडलं नाही. काढता येईल अशा रंगाने त्यावर गडद झाडोरा आणला. चूक तशीच आत आहे, फक्त झाकलेली. परक्या हाताचं म्हणून सगळीकडे स्काल्पेल चालवायचा नसतो, खाली काय उरलंय ते आधी पाहायचं, हा धडा मला ड्रेस्डेनपेक्षाही मोलाचा वाटतो.

इथे अजिंठ्याची आठवण येते. १९२० च्या सुमारास निजामाच्या राज्याने बोलावलेल्या लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांनी तिथल्या चित्रांवर लाखेचं वॉर्निश दिलं. रंग सुटू नये हा हेतू चांगलाच होता. पण लाख कालांतराने पिवळी-तपकिरी पडली, धूळ धरून बसली, आणि पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी तोच मंद सोनेरी रंग अजिंठ्याचा म्हणून मनात ठेवला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने ते उतरवायला घेतल्यावर खालचा निळा-हिरवा वर आला. त्यातही ‘जुनी शोभा गेली’ म्हणणारे आहेतच. आपण वॉर्निशवर प्रेम केलं होतं हे मान्य करायला कोणालाच आवडत नाही.

माणसाच्या हाताने झालेल्या फेरफाराचं असं उत्तर देता येतं. काळाचं काय? व्हर्मीरच्याच मोत्याचं डूल घातलेल्या मुलीची काळी पार्श्वभूमी घ्या. २०२० मध्ये जाहीर झालेल्या तपासणीप्रमाणे तिथे मुळात हिरवा पडदा होता. नीळ आणि वेल्ड या झाडाचा पिवळा रंग यांची पारदर्शक झिलई. दोन्ही वनस्पतींचे रंग उजेडात उडाले आणि पडद्याची घडी काळोखात बुडाली. ज्या काळोखाची जगभर तारीफ होते तो रंग उडाल्याचा परिणाम आहे. म्हणून कोणी तिथे हिरवा पडदा रंगवणार का? अजिबात नाही. ड्रेस्डेनला मूळ रंग खाली जिवंत होता, इथे तो गेला तो गेलाच. नवा पडदा म्हणजे पुन्हा एकदा अनामिक रंगाऱ्याचंच काम, फक्त प्रयोगशाळेचा दाखला जोडलेलं. तो संगणकाच्या स्क्रीनवर दाखवावा, चित्रावर नाही.

याच तर्काने, ड्रेस्डेनच्या निर्णयाचं समर्थन करणाऱ्यांनी त्या संग्रहालयाला एक-दोन गोष्टी ठणकावून मागायला हव्यात. रंगकाम उतरवलं की ते परत येत नाही. पुढची पिढी नव्या उपकरणाने वेगळा प्रश्न विचारील तेव्हा तो रंग नसेल. भित्तिचित्रांच्या कामात साफ करताना एखादा बोटभर चौकोन मुद्दाम तसाच ठेवतात, साक्षीदार म्हणून. कॅनव्हासवरच्या चित्रात तो डोळ्याला खुपेल हे खरं. तरी चौकटीच्या आत झाकली जाणारी कड असतेच, तिथे तो राहू शकतो. आणि मूळ आकाराचा जुन्या अवस्थेचा फोटो त्याच दालनात, त्याच उंचीवर, कायमचा टांगायला काय हरकत आहे? जे अडीचशे वर्षं पाहिलं गेलं ते निदान कागदावर तरी पाहायला मिळावं. २०२३ मध्ये ॲमस्टरडॅमला व्हर्मीरची २८ चित्रं एकत्र आली आणि साडेसहा लाख लोक येऊन गेले. त्यांतल्या कितीजणांना ड्रेस्डेनच्या चित्रासमोर उभं राहून कळलं असेल की काही वर्षांपूर्वी इथे वेगळं काही होतं? क्यूपिड आता तिथे जन्मापासून असल्यासारखा उभा आहे. अनामिक रंगाऱ्याची लबाडी हीच होती: काही बदललंच नाही असं भासवणं.

शेवटी पुन्हा दे होख. लंडनलाच त्याचं दोन पुरुषांबरोबर पिणाऱ्या बाईचं चित्र आहे, १६५८ च्या सुमाराचं. उजवीकडून निखारे घेऊन एक मोलकरीण येते आहे. तिच्या घागऱ्याकडे जवळून पाहिलं तर कापडातून आरपार फरशीचे चौकोन दिसतात. दे होखने आधी सूत मारून सगळी जमीन पुरी केली आणि मग तिला वर रंगवली. तेव्हा ती भरीव होती. पण तेलाचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकवतं त्याचं माप) वयाबरोबर वाढतो, शिसेपांढरा तेलातल्या आम्लांशी मिळून साबणासारखा होत जातो आणि रंग पारदर्शक होतो. साडेतीनशे वर्षांत फरशी हळूहळू वर आली आहे. ती तशीच येत राहील. तिथे कोणी घागऱ्यावर एक हात फिरवून फरशी झाकायला निघालं, तर त्याला दारातच अडवायला हवं. आणि कोणी मोलकरीण खरवडून खालची अखंड जमीन दाखवायला निघालं, तर त्यालाही.